वाचकांचे प्रश्न : शेजारचा नारिंगी तारा

गेल्या अंकात सूर्याच्या जवळच्या ताऱ्यांची ओळख करून देताना एप्सिलॉन एरिडानी या नारिंगी ताऱ्याचा उल्लेख चार ओळींत उरकला होता. त्या चार ओळींवर जितकी पत्रे आली तितकी उरलेल्या सगळ्या लेखावर आली नाहीत. म्हणून या वेळचे सदर त्या एका ताऱ्याला आणि त्याच्या ग्रहाला दिले आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : आपण या ताऱ्याला ‘नारिंगी बटू’ म्हटले आहे. बटू म्हणजे म्हातारा होऊन आक्रसलेला तारा, असे मी वाचले होते. मग हा तारा मरणाच्या वाटेवर आहे काय? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : हा घोटाळा शब्दाने केलेला आहे, त्यात आपला दोष नाही. आयुष्य संपल्यावर मागे उरणाऱ्या, साधारण पृथ्वीएवढ्या आकाराच्या अवशेषाला ‘श्वेत बटू’ म्हणतात आणि आपण वाचले असेल ते त्याच्याविषयी. ‘नारिंगी बटू’ किंवा ‘लाल बटू’ या नावांत मात्र बटू शब्दाचा अर्थ निराळा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी ताऱ्यांची वर्गवारी होऊ लागली तेव्हा एकाच रंगाचे तारे दोन अगदी भिन्न आकारांत आढळले. काही प्रचंड फुगलेले होते, तर काही आटोपशीर. फुगलेल्यांना राक्षसी आणि आटोपशीर ताऱ्यांना बटू हे नाव पडले. असा बटू तारा गाभ्यातील हायड्रोजनचे हीलियम करीत संथपणे तेवत असतो, आणि त्या अर्थाने आपला सूर्यही पिवळा बटूच आहे.

एप्सिलॉन एरिडानीचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे ८२ टक्के, व्यास साधारण तीनचतुर्थांश आणि पृष्ठभागाचे तापमान सुमारे ४,८०० अंश सेल्सिअस आहे. सूर्याचा पृष्ठभाग ५,५०० अंशांच्या आसपास असतो. या सातशे अंशांच्या फरकामुळे त्याचा प्रकाश पिवळसर न राहता नारिंगीकडे झुकतो. खरे आश्चर्य रंगात नसून प्रकाशाच्या प्रमाणात आहे. वस्तुमान जेमतेम अठरा टक्क्यांनी कमी असले, तरी हा तारा बाहेर टाकतो तो प्रकाश सूर्याच्या एकतृतीयांशच आहे, कारण गाभ्यातील दाब आणि तापमान किंचित घटले की अणुमीलनाचा वेग फार मोठ्या प्रमाणात मंदावतो. वात बारीक ठेवलेल्या समईचे तेल उशिरापर्यंत पुरते, तसेच येथे घडते. सूर्याचे एकूण आयुष्य सुमारे दहा अब्ज वर्षांचे मानतात. या ताऱ्याच्या वाट्याला त्याहून कितीतरी अधिक वर्षे आहेत. विश्वाचे वय १३.८ अब्ज वर्षे असल्यामुळे याच्या तोलाचा आणि सूर्यासारख्याच घडणीचा एकही एकटा तारा अजून म्हातारपणाने मेलेला नाही, असे खुशाल म्हणता येते.

राहिला वयाचा प्रश्न. वेगवेगळ्या पद्धतींनी काढलेले या ताऱ्याचे वय ४० ते ८० कोटी वर्षे येते. सूर्य ४.६ अब्ज वर्षांचा आहे. सूर्याला ४६ वर्षांचा गृहस्थ मानले, तर हा शेजारी चार ते आठ वर्षांचा मुलगा ठरतो. मराठीत ज्या मुलाची मुंज असते त्याला बटू म्हणतात. तेव्हा या ताऱ्याला ते नाव दोन्ही अर्थांनी शोभते.

हे वय लक्षात ठेवावे. पुढच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरात त्याची गाठ पडणार आहे.

प्रश्न : हा तारा महाराष्ट्रातून नुसत्या डोळ्यांनी दिसतो काय? तो कसा ओळखावा? त्याला ‘रान’ असेही नाव असल्याचे कळले, ते कोठून आले? (नाशिक, सांगली आणि मडगाव येथील वाचक)

उत्तर : दिसतो, परंतु मोठ्या शहराच्या उजेडात नव्हे. त्याची दृश्य प्रत, म्हणजे तेजस्वितेचे माप, ३.७ आहे (हा आकडा जितका मोठा तितका तारा मंद). अंधाऱ्या गावातून तो सहज दिसावा. पुण्या-मुंबईच्या गच्चीवरून मात्र दुर्बीण डोळ्यांना लावावी लागेल. नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या ताऱ्यांत अंतराच्या दृष्टीने त्याच्या अलीकडे फक्त मित्र, म्हणजे अल्फा सेंटॉरी, आणि व्याध हे दोनच आहेत. त्याचे अंतर साडेदहा प्रकाशवर्षे आहे. आज रात्री आपल्या डोळ्यांत शिरणारा त्याचा प्रकाश, सध्या पाचवीत शिकणाऱ्या मुलाच्या जन्माच्या सुमारास तेथून निघालेला असतो.

डिसेंबर-जानेवारीत रात्री आठ-नऊच्या सुमारास मृग नक्षत्र शोधावे. मृगाच्या पायाशी राजन्य हा निळसर पांढरा तेजस्वी तारा आहे. एरिडॅनस ही आकाशातील नदी राजन्याच्या शेजारूनच उगम पावते, पश्चिमेकडे वळणे घेत जाते आणि पुढे दक्षिणेला अग्रनद या ठळक ताऱ्यापाशी संपते. राजन्यापासून जवळजवळ सरळ पश्चिमेकडे, हात लांब करून धरलेल्या अडीच मुठींच्या अंतरावर, नदीच्या ओघात साधारण सारख्या तेजाचे दोन तारे जवळजवळ दिसतात. त्यांपैकी पूर्वेकडचा डेल्टा एरिडानी आणि पश्चिमेकडचा एप्सिलॉन. महाराष्ट्रातून हा तारा आकाशात सर्वांत उंच येतो तेव्हा दक्षिण क्षितिजापासून साठ अंशांहून थोडा वर असतो. त्यामुळे धुरक्याचा त्रास होत नाही.

नावाविषयी सांगायचे तर एप्सिलॉन हे ग्रीक वर्णमालेतील पाचवे अक्षर योहान बायर याने १६०३ साली दिले. ‘रान’ हे नाव २०१५ सालचे आहे. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने काही ताऱ्यांना आणि त्यांच्या ग्रहांना लोकांकडून नावे मागवली, त्यांत अमेरिकेतील एका शाळेच्या विद्यार्थ्यांनी सुचवलेली नॉर्स पुराणातील नावे निवडली गेली. रान ही समुद्राची देवता, आणि तिचा पती एगिर याचे नाव ग्रहाला मिळाले. आपल्याकडे रान म्हटले की झाडी किंवा शेत डोळ्यांपुढे येते, त्यामुळे हे नाव मराठीत रुळेल असे मला वाटत नाही. त्यात भर म्हणजे शेजारच्या डेल्टा एरिडानीचे नाव ‘राना’ आहे आणि त्याचा लॅटिनमध्ये अर्थ बेडूक! या सदरात म्हणून जुनेच नाव ठेवले आहे. याच उपक्रमाच्या २०१९ सालच्या फेरीत भारताच्या वाट्याला आलेल्या ताऱ्याला ‘बिभा’ आणि त्याच्या ग्रहाला ‘संतमस’ ही नावे मिळाली. पहिले नाव मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेल्या भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधरी यांच्या स्मरणार्थ आहे.

प्रश्न : या ताऱ्याचा ग्रह सन २००० मध्ये सापडला, असे एका ठिकाणी वाचले, दुसऱ्या ठिकाणी तो ग्रह आहे की नाही याविषयीच शंका व्यक्त केली होती. इतक्या जवळच्या ताऱ्याबाबत शास्त्रज्ञांत असे मतभेद का असावेत? ग्रह आहे किंवा नाही, एवढेच तर ठरवायचे होते. (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पुणे)

उत्तर : आलेल्या पत्रांतील हा सर्वांत चांगला प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर थोडक्यात देता येण्यासारखे नाही.

प्रथम ग्रह कसा ‘दिसला’ ते पाहू. तो कोणी डोळ्यांनी पाहिला नाही. ग्रह ताऱ्याभोवती फिरतो असे आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात दोघेही एका सामाईक गुरुत्वमध्याभोवती फिरतात आणि ताऱ्याचे वस्तुमान प्रचंड असल्यामुळे त्याचे हेलकावे अगदी लहान असतात. तारा आपल्याकडे सरकला की त्याच्या वर्णपटातील काळ्या रेषा निळ्या बाजूकडे किंचित ढळतात, दूर गेला की तांबड्या बाजूकडे. या ढळण्यावरून ताऱ्याचा वेग मोजतात. एप्सिलॉन एरिडानीच्या बाबतीत हा हेलकावा सेकंदाला सुमारे अकरा मीटरांचा आहे, म्हणजे ताशी चाळीस किलोमीटर. घाट चढणारी एसटी ज्या वेगाने जाते तेवढाच वेग, तोही साडेदहा प्रकाशवर्षांवरून, केवळ प्रकाशाच्या रेषा तपासून ओळखायचा. आणि रेषांचे ढळणे असते ते तरंगलांबीच्या सुमारे दोन कोटी सत्तर लाखांत एक भाग इतके. एका बाबतीत मात्र ही गोष्ट ओळखीची आहे. गुरूमुळे आपल्या सूर्याला बसणारा हेलकावाही सेकंदाला साडेबारा मीटरांचाच आहे.

एवढे सूक्ष्म मोजमापही शांत ताऱ्याच्या बाबतीत आता अवघड राहिलेले नाही. पण हा तारा शांत नाही. लहान वयामुळे तो स्वतःभोवती सुमारे अकरा दिवसांत एक फेरी पूर्ण करतो, तर सूर्याला त्यासाठी विषुववृत्तापाशी पंचवीस दिवस लागतात. वेगाने फिरणाऱ्या अशा ताऱ्याचे चुंबकीय क्षेत्र प्रबळ असते आणि त्याच्या पृष्ठभागावर मोठमोठे डाग पडतात. आता असे समजा की एक काळा डाग ताऱ्याच्या आपल्याकडे येणाऱ्या कडेवर आहे. त्या कडेचा थोडा प्रकाश त्याने अडवला की उरलेल्या प्रकाशात दूर जाणाऱ्या कडेचा वाटा वाढतो आणि सगळा ताराच जरासा दूर चालला आहे असा भास होतो. काही दिवसांनी तोच डाग दुसऱ्या कडेला पोहोचला की उलटा भास. डागांनी निर्माण केलेली ही खोटी हालचाल ग्रहाने निर्माण केलेल्या खऱ्या हालचालीएवढीच असू शकते. आणखी एक अडचण अशी की सूर्यावरील डागांचे जसे अकरा वर्षांचे चक्र असते, तशी या ताऱ्यावर चुंबकीय हालचालींची दोन चक्रे एकाच वेळी चालू आहेत, एक सुमारे तीन वर्षांचे आणि दुसरे सुमारे तेरा वर्षांचे. ज्या ग्रहाचा फेरा सात वर्षांचा आहे असे म्हणायचे, त्याच्या दोन्ही बाजूंना अशी चक्रे असल्यावर संशय येणारच.

घटनाक्रम असा आहे. ताऱ्याच्या वेगात दीर्घ मुदतीचा बदल होत असल्याची पहिली चाहूल कॅनडातील संशोधकांना १९८८ सालीच लागली होती. २००० साली आर्टी हॅट्झेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वेधशाळांची वीस वर्षांची निरीक्षणे एकत्र करून सुमारे सात वर्षांच्या फेऱ्याचा ग्रह जाहीर केला. त्याची कक्षा फारच लांबट निघाली, आणि तेथूनच कुरबुर सुरू झाली, कारण इतक्या लांबट कक्षेतील गुरूएवढ्या ग्रहाने ताऱ्याजवळचा धुळीचा पट्टा केव्हाच उधळून लावला असता. २००६ साली हबल दुर्बिणीने आकाशातील ताऱ्याची जागा किती हलते हे मोजले, त्यावरून ग्रहाचे वस्तुमान गुरूच्या दीडपट निघाले. पुढे अधिक अचूक वर्णपटमापकांची निरीक्षणे आली, तेव्हा काही संशोधकांना त्यांत त्या लांबट कक्षेचा मागमूस दिसेना, आणि ग्रहच नसावा असा सूर उमटला. आपण वाचलेली शंका बहुधा त्या काळातील असेल.

२०१९ साली हवाईतील केक दुर्बिणीच्या साहाय्याने काम करणाऱ्या गटाने तीस वर्षांची वेगमापने नव्याने तपासली. त्यांनी डागांच्या गोंगाटाचा वेगळा गणिती हिशेब ठेवला आणि त्याच वेळी ग्रहाचे थेट छायाचित्र घेण्याचाही प्रयत्न केला. छायाचित्रात काही आले नाही. पण न येण्यावरूनही ग्रह किती मोठा असू शकत नाही हे ठरवता येते. दोन्ही पुरावे जुळवल्यावर गुरूच्या सुमारे पाऊणपट वस्तुमानाचा, ७.४ वर्षांत फेरी पूर्ण करणारा, सूर्य-पृथ्वी अंतराच्या साडेतीनपट अंतरावरून जवळजवळ वर्तुळाकार कक्षेत फिरणारा ग्रह निघाला. म्हणजे ग्रह राहिला आणि त्याची लांबट कक्षा गेली. नंतरच्या अभ्यासांत वस्तुमानाचा आकडा थोडा खाली-वर झाला आहे आणि आणखीही होईल, परंतु ग्रहाच्या अस्तित्वाविषयी आता फारसा वाद उरलेला नाही.

आपल्या पत्रातील ‘एवढेच तर ठरवायचे होते’ या शब्दांबद्दल एक सांगावेसे वाटते. सात वर्षांच्या फेऱ्याची खात्री करण्यासाठी तो फेरा दोन-तीनदा तरी पाहावा लागतो, त्यात वीस वर्षे जातात, आणि त्या वीस वर्षांत दुर्बिणी, वर्णपटमापक आणि माणसे बदलत राहतात. जुन्या उपकरणाची मापने नव्याशी जोडताना होणारी लहानशी चूकही ग्रहासारखी दिसू शकते. जवळचा तारा म्हणजे सोपा तारा, असे नसते.

प्रश्न : गुरूसारखा एकच ग्रह तेथे आहे काय? या ताऱ्याभोवती धुळीचे कडे आहे असेही ऐकले. (एक वाचक, अमरावती)

उत्तर : खात्रीचा ग्रह एकच आहे. धूळ मात्र निश्चित आहे, आणि ग्रहाच्याही आधी सापडली. १९८३ साली अवकाशात गेलेल्या आयरास या अवरक्त दुर्बिणीला हा तारा आपल्या तापमानाच्या मानाने जास्त उष्णता बाहेर टाकताना दिसला. ती उष्णता ताऱ्याभोवतीच्या धुळीची होती. १९९८ साली हवाई बेटावरील मौना केआ पर्वतावरच्या जेम्स क्लार्क मॅक्सवेल दुर्बिणीने त्या धुळीचे चित्रच काढले, त्यात ताऱ्याभोवती कंकणासारखे कडे दिसले. आजच्या मोजमापांनुसार हे कडे सूर्य-पृथ्वी अंतराच्या सुमारे सत्तरपट दूर आहे. आपल्या सूर्यमालेत नेपच्यूनपलीकडे बर्फाळ खड्यांचा जो क्यूपर पट्टा आहे, त्याचेच हे अधिक दाट आणि तरुण रूप समजावे. तेथील हिमखंड एकमेकांवर आपटतात आणि त्यांची धूळ सतत होत राहते. तशी ती होत नसती तर ताऱ्याच्या प्रकाशाने आणि वाऱ्याने ती केव्हाच हुसकावून लावली असती. आतल्या बाजूलाही उबदार धूळ आहे, आपल्या लघुग्रहांच्या पट्ट्यासारखी.

बाहेरच्या कड्यात काही ठिकाणी गोळे दिसल्यामुळे, त्या धुळीला शिस्त लावणारा दुसरा एखादा ग्रह दूरवर असावा, अशी कल्पना २००२ साली मांडली गेली. त्यांतले काही गोळे पुढे फार दूरच्या, केवळ त्याच दिशेत दिसणाऱ्या दीर्घिका निघाल्या. तरीही चिलीतील अल्मा दुर्बिणींच्या चित्रांत कडे सर्वत्र एकसारखे दिसत नाही, त्यामुळे दुसऱ्या ग्रहाची कल्पना मोडीत निघालेली नाही. पृथ्वीएवढ्या ग्रहाबद्दल विचाराल, तर तो या ताऱ्याला सेकंदाला काही सेंटिमीटरांचाच हेलकावा देईल, आणि डागांच्या गोंगाटात तो शोधणे म्हणजे पंढरपूरच्या वारीत एका माणसाची कुजबुज ऐकण्यासारखे आहे.

प्रश्न : नारिंगी तारे जीवसृष्टीसाठी सूर्याहूनही चांगले असतात, असे म्हणतात. मग सर्वांत जवळच्या अशा एकट्या ताऱ्याभोवती जीवसृष्टी असण्याची शक्यता किती? (शिक्षिका, रत्नागिरी)

उत्तर : पहिल्या वाक्याशी मी बराचसा सहमत आहे. ताऱ्यांत बहुसंख्येने आढळणारे लाल बटू दीर्घायुषी असले तरी अतिशय मंद असतात. पाणी द्रवरूप राहील इतकी ऊब हवी असेल तर ग्रहाला त्यांच्या अगदी निकट राहावे लागते, आणि तेथे तरुणपणातील स्फोट, क्ष-किरण आणि ग्रहाची एकच बाजू कायम ताऱ्याकडे राहण्याचा धोका या तिन्ही गोष्टी एकदम गळ्यात पडतात. सूर्यासारखे तारे प्रकाश भरपूर देतात, पण लवकर तापत जातात; सुमारे एक अब्ज वर्षांत पृथ्वीवरील समुद्रांना सूर्याची धग सोसेनाशी होईल. नारिंगी तारा या दोघांच्या मध्ये आहे. त्याचे तेज फार सावकाश वाढते आणि त्याचा ऊबदार पट्टा ताऱ्यापासून सुरक्षित अंतरावर असतो. एप्सिलॉन एरिडानीबाबत सांगायचे तर पृथ्वीला जेवढे ऊन मिळते तेवढे मिळण्यासाठी ग्रहाने आपल्या अंतराच्या साधारण ५८ टक्के अंतरावर असावे लागेल, आणि त्याचे वर्ष जवळजवळ सहा महिन्यांचे असेल.

तरीही दुसऱ्या वाक्याला माझे उत्तर ‘सध्या फार कमी’ असे आहे, आणि कारण पुन्हा वयच. पृथ्वीवरील जीवांचा ज्याविषयी फारसा वाद नाही असा पुरावा सुमारे साडेतीन अब्ज वर्षांपूर्वीचा आहे. तेव्हा पृथ्वीच एक अब्ज वर्षांची झाली होती. एप्सिलॉन एरिडानीची ग्रहमाला अजून त्या वयाला पोहोचलेली नाही. तेथे खडकाळ ग्रह असलाच, तर त्याच्यावर आसपासच्या पट्ट्यांतून सुटलेल्या दगडांचा मारा अधूनमधून होत असेल. त्यातच या ताऱ्यापासून वाहणारा विद्युतभारित कणांचा वारा सौरवाऱ्याच्या सुमारे तीसपट वस्तुमान वाहून नेतो असा अंदाज आहे. हाच वारा चुंबकीय क्षेत्राच्या आधाराने ताऱ्याचे फिरणे हळूहळू मंद करतो, त्यामुळे काही अब्ज वर्षांनी तारा निवळेल. सूर्यही बालपणी असाच होता, म्हणून खगोलशास्त्रज्ञ या ताऱ्याकडे आपल्याच सूर्याचे जुने छायाचित्र म्हणून पाहतात. माझ्या मते त्याचे खरे महत्त्व येथे आहे, जीवसृष्टीच्या शोधात नव्हे.

प्रौढ नारिंगी तारे हवे असतील तर जवळ तेही आहेत. सुमारे २१ प्रकाशवर्षांवरील एचडी २१९१३४ या ताऱ्याभोवती अनेक ग्रह आहेत, त्यांपैकी दोन खडकाळ ग्रह ताऱ्यासमोरून जाताना दिसले आहेत. पण त्यांतील आतल्या ग्रहाचे वर्ष तीन दिवसांचे आहे. तेथे पाण्याची अपेक्षा करू नये.

प्रश्न : या ताऱ्याकडून एकदा संदेश आला होता आणि तो लष्कराने दडपला, असे समाजमाध्यमांवर फिरत असते. त्यात तथ्य किती? (सातारा आणि ठाणे येथील वाचक)

उत्तर : या कथेच्या मुळाशी एक खरी घटना आहे, आणि ती अफवेपेक्षा अधिक रंजक आहे. १९६० साली फ्रँक ड्रेक या तरुण खगोलशास्त्रज्ञाने अमेरिकेतील ग्रीन बँक येथील २६ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण दोन ताऱ्यांकडे वळवली, टाऊ सेटी आणि एप्सिलॉन एरिडानी. परग्रहावरील बुद्धिमान जीवांचे संदेश आधुनिक दुर्बिणीने ऐकण्याचा हा पहिला प्रयत्न होता आणि त्याला ओझ्मा प्रकल्प म्हणतात. हायड्रोजन वायू स्वाभाविकपणे १,४२० मेगाहर्ट्‌झवर लहरी सोडतो. ही कंप्रता विश्वातील प्रत्येक शास्त्रज्ञाला माहीत असणार, या विचाराने तीच निवडली होती. ८ एप्रिलला पहिल्या दिवशी टाऊ सेटी मावळल्यावर दुर्बीण एप्सिलॉन एरिडानीकडे फिरवली, आणि काही मिनिटांतच यंत्रातून जोरदार, नियमित ठोके ऐकू येऊ लागले. सगळे चकित झाले. थोड्या वेळाने ठोके थांबले.

काही दिवसांनी ते पुन्हा आले. या वेळी ड्रेक यांनी एक लहान वेगळा अँटेना तयार ठेवला होता, जो त्या ताऱ्याकडे रोखलेलाच नव्हता. त्यालाही ठोके ऐकू आले. म्हणजे ते आकाशातील एका बिंदूतून न येता आसपासच्या एखाद्या पार्थिव उगमातून, बहुधा विमानातून येत होते. त्या काळात बरीच लष्करी विमाने गाजावाजा न करता उडत असत, त्यामुळे ‘लष्कर’ हा शब्द गोष्टीला चिकटला असावा. जुलैपर्यंत निरीक्षणे चालली आणि दुसरे काहीही ऐकू आले नाही. पण खोटा संकेत ओळखण्यासाठी दुसरा अँटेना बाजूला ठेवण्याची ही युक्ती तेथपासून या क्षेत्राची सवयच झाली. ताऱ्याचे लहान वय त्या वेळी माहीत असते, तर ड्रेक यांनी बहुधा दुसरा तारा निवडला असता.

या ताऱ्याकडे आपल्या जुन्नर तालुक्यातूनही कान लावून झाले आहेत, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. नारायणगावजवळ खोडद येथील जीएमआरटी ही ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. ब्रिटनमधील दोन संशोधकांनी तिच्यातून १५० मेगाहर्ट्‌झवर एप्सिलॉन एरिडानीची निरीक्षणे केली आणि २००७ साली ती प्रसिद्ध केली. त्यांना संदेश ऐकायचा नव्हता. गुरूचे प्रबळ चुंबकीय क्षेत्र आणि सौरवारा यांच्या झटापटीतून गुरू रेडिओ लहरी सोडतो. येथे तर गुरूसारखा ग्रह आहे आणि वारा कितीतरी पटींनी जोरदार, तेव्हा त्या ग्रहाचा आवाज येतो का हे पाहायचे होते. आवाज आला नाही. गुरूचा असा आवाज सुमारे ४० मेगाहर्ट्‌झच्या वर ऐकूच येत नाही; एगिरचे चुंबकीय क्षेत्र गुरूइतकेच असेल, तर १५० मेगाहर्ट्‌झवर शांतताच अपेक्षित होती. निरीक्षणांतून निघालेली मर्यादा तरीही उपयोगी पडते.

प्रश्न : तेथे पोहोचायला किती काळ लागेल? (सहावीतील विद्यार्थिनी, बीड)

उत्तर : व्हॉयेजर-१ हे यान सेकंदाला १७ किलोमीटर वेगाने सूर्यापासून दूर जात आहे. त्या वेगाने एप्सिलॉन एरिडानीपर्यंतचा प्रवास सुमारे १ लाख ८५ हजार वर्षांचा होईल. व्हॉयेजर त्या दिशेने चाललेलेही नाही.

प्रश्न : माझ्याकडे सहा इंची परावर्तक दुर्बीण आहे. तिच्यातून हा ग्रह, निदान धुळीचे कडे, दिसेल काय? (हौशी निरीक्षक, जळगाव)

उत्तर : दिसणार नाही. ग्रह ताऱ्यापासून जास्तीत जास्त एक कोनीय सेकंदाहून किंचित अधिक दूर दिसतो, म्हणजे पाच किलोमीटरवर धरलेल्या दहा रुपयांच्या नाण्याच्या रुंदीएवढा. तेवढे अंतर आपली दुर्बीण एरवी ओळखू शकेल, परंतु दृश्य प्रकाशात तारा ग्रहापेक्षा कोट्यवधी पटींनी तेजस्वी असल्यामुळे त्याच्या झगमगाटात ग्रह बुडून जातो. नारिंगी बटूच्या ग्रहाचे चित्र घेणे अशक्य नाही. १२ प्रकाशवर्षांवरील एप्सिलॉन इंडी या दुसऱ्या नारिंगी ताऱ्याच्या ग्रहाचे चित्र जेम्स वेब दुर्बिणीने घेतले आणि ते २०२४ साली प्रसिद्ध झाले. मात्र तो ग्रह गुरूच्या सुमारे सहापट वस्तुमानाचा आहे आणि आपल्या ताऱ्यापासून पुष्कळ दूर फिरतो.

आपण दुर्बीण बाहेर काढणारच असाल, तर ती बाजूला ठेवून आधी साधी द्विनेत्री घ्यावी. एप्सिलॉन आणि त्याच्या पूर्वेचा डेल्टा हे दोन्ही तारे एकाच दृश्यात मावतील, कारण त्यांच्यात जेमतेम अडीच अंशांचे अंतर आहे. दोघांचा रंग नारिंगीकडे झुकणारा आणि तेज जवळजवळ सारखे दिसेल. पण डेल्टा सुमारे ३० प्रकाशवर्षांवर, म्हणजे जवळजवळ तिप्पट दूर आहे. तरीही तो इतका तेजस्वी दिसतो, कारण त्याचा खरा प्रकाश एप्सिलॉनच्या सुमारे नऊपट आहे. त्याच्या गाभ्यातील हायड्रोजन सरत आला असून तो फुगू लागला आहे. एक तारा बटूपणाच्या आरंभी आणि दुसरा ते बटूपण सोडून निघालेला, असे दोघे द्विनेत्रीच्या एकाच वर्तुळात पाहायला मिळतील. अमावास्येच्या आसपासची रात्र निवडावी.